संत बार्बराचा मुजरा

नाटकाचा पडदा वर गेला तो फटाक्यांच्या धुरात. बारा जणांच्या खांद्यांवर डुलत आलेली, विजेपासून राखणाऱ्या संत बार्बराची मूर्ती सिसिलीतल्या त्या तुरुंगाच्या भिंतीखाली थांबली. वरच्या गजांआड जन्मठेपेचा कैदी, टोळीचा म्होरक्या डॉन सारो उभा होता. त्याच्या मानासाठी मूर्ती झुकवायची, असं ठरलं होतं.

बावीस वर्षं तुरुंगाचे कपडे धुणारी आगातिना नोकरीची पर्वा न करता मूर्तीसमोर आडवी आली.

“मावशी, सरका! डॉन चिडेल,” खांदेकरी नुन्झियो कुजबुजला.

“चिडू दे! वीज कडाडली की हा वाघ अंथरूण ओलं करतो. चादरी मीच धुते ना!”

कुणीतरी फिसकन हसलं. वाकू लागलेले खांदे ताठ झाले.

आगातिनानं वर पाहिलं. “सारो, मुजरा हवाय? मग आधी तू वाक!”