भिंतीवरच्या गेरूच्या रेघा

माझ्या साडूंइतका पाण्यावर जीव टाकणारा माणूस गोदावरीच्या उगमापासून थेट समुद्रापर्यंत सापडायचा नाही, आणि माझ्याइतका त्या माणसावर जळणारा तर त्रिभुवनात नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सटाण्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आणि राहायला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्याच कॉलनीत. फक्त ते उंचावर आणि मी उतारावर. त्यांच्या अंगणात पावसाचा थेंबसुद्धा परवानगी काढून थांबतो. माझ्याकडे मात्र जोराची सर आली की चपला आपापल्या पायांनी एका खोलीतून दुसरीत जातात. एकदा तर आमचा सोफा शेजाऱ्यांची ख्यालीखुशाली विचारून आला.

माझ्या घराच्या वरच्या अंगाला, कॉलनीच्या मोकळ्या जागेत, पावसाचं पाणी थोपवून सावकाश नाल्यात सोडणारं एक तळं आहे. बिल्डरनं ते इतक्या काटकसरीनं खणलं होतं की त्यात दोन म्हशी बसल्या तर तिसरीला उभं राहावं लागलं असतं. ते मोठं करायचं, हा साडूंचा ध्यास. लग्नाच्या पंगतीत ते भाताचा बांध घालून आत कढी ओतायला लावत, बांध फुटेस्तोवर थांबू देत नसत, आणि शेजाऱ्याच्या इस्त्रीच्या पँटवर ओघळ गेला की बोट दाखवून म्हणत, “हे बघा, हे आमच्या साडूबुवांचं घर!” पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर खिशातली गोटी फरशीवर सोडून बसले. बाहेर पडताना म्हणाले, “मुलगी छान आहे. न्हाणीघराचा उतार उलटा आहे.” फार रंगात आले की त्यांची सटाण्याची अहिराणी जागी होई: “पानी पाव्हना शे! त्याले बसाले जागा द्या!”

पाऊस लागला की जग घर गाठतं; हे अर्धी चड्डी घालून, बांबू घेऊन माझ्या दारी. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात, तसा आमच्या कॉलनीचा पूर साडू माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर मोजत. पाणी जिथवर चढलं तिथे गेरूची रेघ, शेजारी तारीख. तीन पावसाळे हे चाललं. मी आत बादल्यांनी पाणी उपसतोय आणि आमची ही बाहेर ओरडतेय, “भाऊजी, आधी गरम भजी खा हो!” तीस वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला पहिला घाणा कधी आला नाही. तिसऱ्या वर्षी तर ती म्हणाली, “भाऊजी दारात उभे असले की पाण्याची भीतीच वाटत नाही.” आणि मी? मी आत काय सत्यनारायण घालत होतो?

त्याच दिवाळीत मी भिंत पांढरीशुभ्र रंगवून घेतली. रेघा, तारखा, सगळं गडप. साडू भिंतीवरून बोट फिरवून म्हणाले, “रंग चांगलाय.” बस्स, एवढंच.

पुढे तळं वाढवायच्या अर्जावरून महापालिकेचे साहेब पाहणीला आले. उन्हाळा होता, सगळं कोरडं ठणठणीत. साहेब म्हणाले, “इथं पाणी येतं याचा पुरावा काय?” बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की भिंतीचा रंग माझ्या तोंडावर आला. “पुरावा होता साहेब,” मी म्हणालो, “मीच पुसला. जळून पुसला.” साहेबांनी विचारलं, “मग किती यायचं पाणी?” जमलेली सगळी कॉलनी गालात हसायला लागली, कारण मी आजवर याच पाण्यात मगरी पाहिल्याचं सांगत आलो होतो. मी भिंतीजवळ गेलो, हात लावला. “इथवर. गुडघ्याच्या वर चार बोटं.”

“लिहून घ्या साहेब,” साडू म्हणाले. “हा माणूस जन्मात पहिल्यांदा पाणी कमी सांगतोय.”

तळं मंजूर झालं, दुप्पट झालं. यंदा आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. मी सवयीनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पायरीवर बसलो. पाणी आलं नाही. साडूही आले नाहीत. हिनं काढलेली भजी ताटलीत गार झाली. शेवटी फोन लावला, तर म्हणाले, “तुमच्याकडे आता बघण्यासारखं काय राहिलंय, साडूबुवा? पलीकडच्या कॉलनीत एकाची भिंत मिळालीय. झकास!”

दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिली. ओली, ताजी, लालभडक रेघ. घरमालक फणफणत बाहेर आले. “कोण हो हा माणूस? आमच्या मिसेसनं त्याला आधी भजी वाढली, मला नंतर!”

“माझे साडू आहेत,” मी म्हणालो, आणि त्या घरमालकाचा मला असा काही हेवा वाटला की तिथे थांबवेना. येताना गेरूचा एक खडा विकत घेतला. खिडकीत ठेवलाय. भिंत अजून पांढरीच आहे.