परीचं कूळ

माझ्या बायकोच्या मामांइतका शब्दांच्या खनपटीला बसणारा माणूस दोन्ही गोलार्धांत मिळायचा नाही. सांगलीहून तीन महिन्यांसाठी सातासमुद्रापार ग्लेन वेव्हर्लीला आमच्याकडे आले, तर एअरपोर्टवरच पहिला प्रश्न, "जावईबापू, या 'ट्रॉली'चं कूळ काय हो?" मी कॉम्प्युटरवाला, शब्दांशी माझा संबंध पासवर्डपुरता. "बघतो," म्हणालो आणि त्या गडबडीत त्यांच्या बॅगा भलत्याच गाडीपाशी नेऊन उभा राहिलो.

चूक म्हणून त्यांना सहन होत नाही. आमची लग्नपत्रिका त्यांनी दोन वेलांट्या लाल पेनाने सुधारून आहेराबरोबर परत दिली होती! बायको नाही, मूलबाळ नाही. घरात माणसांपेक्षा शब्दकोशच जास्त. इथे मात्र त्यांना एकच ध्यास लागला. आमची सहा वर्षांची रेवा काही विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. "गुडघे आता पुन्हा एवढा प्रवास करू द्यायचे नाहीत," मामा म्हणाले, "जाण्याआधी पोरगी एकदा आपणहून माझ्याशी मराठीत बोलली ना, की झालं." मी मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. शाळेत तिचं अडू नये म्हणून घरात इंग्रजी सुरू करणारा शहाणा मीच होतो. आता तीच माझे उच्चार सुधारते.

तशात रेवाच्या वर्गात पालकांनी गोष्ट सांगायची टूम निघाली. मी टाय लावून, मामांना बरोबर घेऊन गेलो आणि ठोकून दिलं, की आमच्या 'परी'चीच तुमची 'फेअरी' झाली, 'प'चा 'फ', सिंपल! मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या छोट्याशा खुर्चीतून मामा उठले. "नो, नो! परी इज पर्शियन. फेअरी कम्स फ्रॉम लॅटिन 'फाता', मीन्स नशीब. नॉट इव्हन कझिन्स!" बाई म्हणाल्या, "हाउ लव्हली!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीत मी फणकारलो, "मग आपली फेअरी कोण, ते तरी सांगा!"

"आसरा," मामा शांतपणे म्हणाले. "अप्सरेवरून. सात बहिणी, पाण्याकाठी राहतात. मान ठेवावा लागतो त्यांचा."

"सेव्हन फेअरीज?" मागून रेवा.

झालं! दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघं घरामागच्या ओढ्यावर आसरांना नैवेद्य घेऊन जायला लागली. नैवेद्य कसला, तर इथल्या मुलांचा लाडका फेअरी ब्रेड. "बडीशेपेवरची साखर पावावर कोणी सांडली?" असं पहिल्यांदा विचारणारे मामा आता स्वतः पावाला लोणी लावायचे. गोष्ट मराठीत चालायची, रेवाचे प्रश्न इंग्रजीत.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मीही गेलो. रेवाने सात तुकडे दगडावर मांडले. ती रविवारी जाते त्या मराठी वर्गात तिला 'आसरा' हा शब्द नुकताच भेटला होता, पण दुसरा, निवाऱ्याच्या अर्थाचा. ती मामांचा हात धरून म्हणाली, "आजोबा, आसरा म्हणजे घर ना? मग तुमी पण आमचा आसरात राहा."

एका वाक्यात तीन चुका! हा आसरा 'आश्रय'वरून, ती आसरा 'अप्सरे'वरून. नॉट इव्हन कझिन्स. आता मामा उठणार.

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला.

"हो गं बाळा," ते म्हणाले. "तोच शब्द आहे."