यशवंताच्या विहिरीचा पहिला घोट

यशवंता गेल्याचे त्याच्या मुलाने, सिद्धार्थने, आमच्या पेठ गावाहून दूरध्वनीवर कळवले. "काका, आबा गेले," एवढेच. आदल्या आठवड्यात भेटलो तेव्हा यशवंता विहिरीच्या काठावर बसून पाण्याकडे पाहत होता. महिना लोटला, आता लिहितो.

आमची शेते शेजारी. ती विहीर त्याच्या वडिलांनी धर्मांतरानंतर खडक फोडून खोदली, कारण गावच्या पाणवठ्यावर त्यांना मज्जाव होता. तिचे पाणी लहानपणी मी प्यायलो ते माझ्या वडिलांच्या नकळत. त्या घराची एक रीत होती. उन्हाळ्यात उपसा होई, गाळ निघे, आणि नव्या पाण्याचा पहिला घोट सर्वांत वडीलधाऱ्याने घ्यायचा. तोवर इतर कोणी तोंड लावायचे नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या पाण्याला डिझेलचा वास येऊ लागला. हमरस्त्यालगतच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गंजून गळत होती, हे पुढे कळले. तेव्हा आम्हाला एकच उपाय ठाऊक होता. विहिरीत कुत्रे पडो वा साप, उपसा करावा. केला. पाणी पुन्हा भरले ते अधिक वासाचे. पुन्हा उपसा केला, तर वर तवंग आला. "इतकी वर्षं आमचं पाणी बाटलेलं म्हणत व्हते," यशवंता म्हणाला, "आता खरंच बाटलं, राव." तो हसला. मला हसता आले नाही.

तेल कंपनीने पाठवलेल्या अभियंत्याने शेतात नळ्या ठोकून पाहिले आणि प्रथम उपसा थांबवायला सांगितले. विहीर रिकामी झाली की भोवतालचे पाणी तिच्याकडे धावते, आणि त्याबरोबर जमिनीत मुरलेले डिझेलही... म्हणजे ते आम्हीच ओढून आणत होतो. यशवंता त्या दिवशी जेवला नाही.

जुनी टाकी काढली. पंप आणि विहीर यांच्यामध्ये बोअर घेऊन दूषित पाणी तिथेच ओढून गाळणारे यंत्र बसले. काम वर्षानुवर्षे रेंगाळले. पंपमालकाने सुचवले की विहीर बुजवावी, दाराशी नळ तो आणून देईल. यशवंताने आवाज चढवला नाही. "बानं पहारीनं फोडलीया ती. बुजवायची तर आदी मला आत घाला." नळ त्याने घेतला नाही. माझ्या विहिरीवरून पाणी नेत राहिला.

अधूनमधून तो काचेच्या बाटलीत आपल्या विहिरीचे पाणी भरून खिडकीत ठेवी. तवंग पातळ होत गेला, मग दिसेनासा झाला. वास गेला, तसे यंत्रही गेले. वास नाही म्हणजे पाणी निर्दोष असे समजू नका, तपासणीला पुन्हा येतो, असे अभियंता जाताना बजावून गेला. तो आला नाही. यशवंता वाट पाहत राहिला. पहिला घोट त्याचा होता.

परवा त्याच्या घरी गेलो. खिडकीत शेवटची बाटली तशीच होती. सिद्धार्थने ती काढून माझ्या हाती दिली.

"काका, आता वडीलधारे तुमीच. तुमी सांगाल तसं."

मी झाकण काढले. वास आला नाही. पाणी उजेडात नितळ दिसत होते... घरातले सगळे माझ्याकडे पाहत होते. मी झाकण लावले आणि बाटली होती तिथे ठेवली.

कोपऱ्यातली घागर उचलून सिद्धार्थ माझ्या विहिरीकडे निघाला.