सदतीस अंशांवर अडवलेल्या पेशी

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी माझे गाव, केनवड, सोडले. जऊळक्याहून अकोल्याची गाडी, पुढे मुंबई, मग जर्मनी. गावात बसस्टँडजवळ बाबांची बेकरी आहे. जऊळक्याच्या फलाटावर टोस्टचे पाकीट देत ते म्हणाले, "यीस्टवरच काम कराचं होतं, त एवढ्या दूर काहून चालली, माय? आपल्या भट्टीत कमी होतं का?"

यीस्ट तेच, पाव फुगवणारे. प्रश्न वेगळा आहे. दोन होण्याआधी पेशी डीएनएची नक्कल करते, पण एकदाच. दुसऱ्यांदा करायची नाही, हे तिला कसे कळते? नक्कल जिथून सुरू होते त्या जागांवर यंत्रणा आधीच बसलेली असते. काही प्रथिनांना फॉस्फेट जोडले गेले की ती चालू होते. तेच फॉस्फेट दुसऱ्या काही प्रथिनांवर बसले की नवी यंत्रणा बसू शकत नाही. विभाजन झाल्यावर फॉस्फेट निघतात.

या दुसऱ्या प्रथिनांपैकी एकावर फॉस्फेट बसूच नये, असा बदल मी केला होता. पेशीने पुन्हा नक्कल करायला हवी होती. ती करेना.

इथला आंबूस ब्रेड बिघडला म्हणून मी पहिल्या आठवड्यात दुकानात परत नेला होता. आता तोच खाते.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी बाबांना भट्टीपुढे उभे राहायला मनाई केली. माझे कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होते. प्रयोग जमला तर ते वाढणार होते. नाही तर परतून भट्टी मी सांभाळायची, असे ठरले.

"काय करून राह्यली?" बाबांनी फोनवर विचारले.

"बदल केलेल्या पेशी सदतीस डिग्रीवर ठेवल्यात. तिथं त्यांचं विभाजन अडते."

"सदतीसवर? आपल्या इथं सदतीसवर माणूस चादर मांगते."

"तिले काम करू द्या," मागून आई.

"करू दे नं. पण शेजारचा माणूस भट्टी चालवाले मांगून राह्यला. मार्चपर्यंत थांबतो मी."

फेब्रुवारीत मी आणखी दोन प्रथिने बदलली. विभाजन अडलेल्या पेशींत डीएनए दुपटीहून जास्त भरला, म्हणजे नक्कल पुन्हा झाली होती. गाईडने प्रयोग पुन्हा करायला लावला. तेच आले. कॉन्ट्रॅक्ट वाढले.

घरी सांगितले. बाबा म्हणाले, "म्हंजे तुह्यं जमलं. मंग भट्टी देऊन टाकतो."

एप्रिलपासून भट्टी शेजारचा माणूस चालवतो. मैद्याच्या पोत्यांसाठी त्याने बेकरीमागची खोलीही मागितली होती. ती बाबांनी दिली नाही. तिथे माझी खाट आहे.