माळावर आणलेले उंबरे

भाताची मळणी आटोपली आणि आमच्या गावात उंदीर पडायला लागले. आधी खळ्यात, मग भाताच्या कणग्यांखाली, मग एकदा आमच्या मागल्या पडवीत. गाठीचा ताप येण्याआधी उंदीर पडतात हे तेव्हा लहान पोरालासुद्धा माहीत होतं. माणगावकडून प्लेगचे साहेब आले. त्यांनी घराघरांत फिनेल शिंपडायला लावलं, घरांना कुलपं घालायला लावली आणि सगळं गाव खाडीच्या वरच्या माळावर नेऊन ठेवलं. गावाच्या वाटेवर चिंचेखाली एक पोलीस शिपाई बसवला. त्या सालची ही गोष्ट. मी नुकतीच चौथी पास झाले होते आणि पुढे शिकायचं नव्हतं, म्हणून मला ते साल पक्कं आठवतं.

सुरुवातीला आम्हा मुलांना मजा वाटली. माडाच्या झापांच्या झोपड्या, दगडांच्या चुली, वरती उघडं आभाळ. खाली आमचं गाव दिसायचं, कौलांवर कावळे बसलेले दिसायचे, पण जायचं नाही. साहेब पंधरवड्याला यायचे, टोचायचे, आणि जाताना सांगायचे, "आणखी पंधरा दिवस." असं करत थंडी गेली, आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या, तरी तेच, आणखी पंधरा दिवस. माळावर ना पाणी धड, ना आडोसा. बायकांना आंघोळीला अंधारात उठावं लागायचं. कुणाची कोंबडी कुणाच्या झोपडीत शिरली तरी भांडण पेटायचं. पुरुषमाणसं संध्याकाळी चिंचेपर्यंत जायची, शिपायाशी हुज्जत घालायची आणि परत यायची.

"कोण मेला का आता? महिना झाला, एक उंदीर पडला न्हाय!"

"मी काय करू? साहेबाचा हुकूम हाय," शिपाई म्हणायचा. तोही खाडीपलीकडच्याच गावचा. त्याचंही घर समोर दिसत होतं आणि त्यालाही जायची मुभा नव्हती.

याच माळावर, ऐन थंडीत, माझ्या वहिनीला मुलगा झाला. तिची याआधीची दोन मुलं जगली नव्हती. मागच्या शिमग्याला देवीची पालखी आमच्या दारी आली तेव्हा वहिनीने उंबऱ्यावर डोकं टेकून नवस केला होता, "पुढच्या शिमग्याला माझ्या मांडीवर पोर असलं तर याच उंबऱ्यावर तुझ्या पायाशी ठेवीन. मगच त्याचं नाव ठेवीन, मगच पाळण्यात घालीन." हे मी तिच्या मागे उभी राहून ऐकलं होतं. आता पोर होतं, पण उंबरा खाली बंद गावात होता. बारावा दिवस आला आणि गेला. बाळ लुगड्याच्या झोळीत झोपायचं, आणि त्याला नाव नव्हतं. कुणी बाळ्या म्हणायचं, कुणी माळकरी. टोचायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "नाव काय मुलाचं?"

"न्हाय ठेवलं," दादा म्हणाला.

"मग हाक काय मारता?"

"हाक कशाला मारायची, साहेब? तोच आमाला मारतो. रातभर."

साहेबसुद्धा हसले. वहिनी मात्र हसली नाही. बिननावाचं पोर लवकर जातं, असं म्हाताऱ्या बायका चुलीशी बसून बोलायच्या आणि ती आली की गप्प व्हायच्या. तिला ते कळत होतं. बाळ जरा शिंकलं तरी ती माझ्याकडे बघायची.

माझ्याकडे बघायचं कारण म्हणजे मी आते. नाव ठेवायचं काम माझं होतं. आणि मी तर चार माणसांत तोंड उघडत नव्हते. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की माझी मान खाली आणि आवाज पोटात. पण नाव मी केव्हाच ठरवलं होतं. ते कुणाला सांगितलं नव्हतं. सवय व्हावी म्हणून मी ते आमच्या शेळीच्या कानात म्हणून बघायची. शेळी कान झटकायची. तेवढंही मला पुष्कळ वाटायचं.

शिमगा जवळ आला तसं माळावरचं वातावरण तापलं. होळीच्या आधी गावात जायला मिळणार अशी सगळ्यांची खात्री होती. साहेब आले आणि म्हणाले, "आणखी पंधरा दिवस."

त्या दिवशी माणसं जागची हलली नाहीत. साहेबांच्या भोवती कोंडाळं झालं. कुणी ओरडत होतं, कुणी नुसतं उभं होतं, आणि नुसते उभे होते त्यांचीच मला जास्त भीती वाटली. आमच्या वाडीतली सुईण, जिने वहिनीचं बाळंतपण केलं होतं, ती पुढे झाली.

"साहेब, तुमी शिमग्याला कुठं आसता?"

"घरी."

"मंग?"

साहेबांनी खाली देवळाकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्याने टोचलं म्हणून आमच्यातले पुष्कळ जगले, हे मला आज कळतं. तो म्हणाला, "देऊळ गावाबाहेर आहे. पालखी माळावर आणा. नाचवा. मी अडवणार नाही. पण गावात पाऊल नको."

गुरवाने डोकं हलवलं. "पालखी उंबऱ्याशी थांबते, साहेब. उंबऱ्याशीच ओटी घेते. झोपडीला उंबरा कुठाय?"

"मग उंबरं वर आणा की!" सुईण म्हणाली.

लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. मग एकदम सगळेच बोलायला लागले. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण शेवटी म्हणाले, घरटी दोन माणसं, दुपारच्या उन्हात, आणि प्रत्येक लाकूड वर आणण्याआधी फिनेलच्या पाण्यात बुडवायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही.

तसली दुपार मी पुन्हा कधी पाहिली नाही. खाली गावात पहारींचे आवाज. ठाक, ठाक, ठाक. वर आम्ही सगळ्या बायका-पोरी माळाच्या कडेला उभ्या. मग एकेक उंबरा खांद्यावरून वर यायला लागला. काळे, झिजलेले, मधोमध पायांनी खोलगट झालेले. फिनेलच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि सगळे हसत होते.

"हळू धरा! सासूनं उभ्या जन्मात झिजवला न्हाय तेवढा तुमी आज झिजवाल!"

"अगो, सासूलाच आणायची की खांद्यावरून!"

"ती उंबऱ्यापरीस जड हाय!"

झापांच्या झोपडीपुढे नुसत्या मातीवर उंबरा ठेवायचा, त्याला हळदकुंकू लावायचं. भिंत नाही, चौकट नाही, दार नाही. तरी ठेवल्या क्षणापासून माणसं तो ओलांडून आत जायला लागली. बाजूला हातभर मोकळी जागा असायची, पण तिथून कुणी जाईना. पोरं उंबऱ्यावर बसली की आया ओरडायला लागल्या, "उठ तिथनं, उंबऱ्यावर बसत्यात व्हय?" होळीसाठी लाकडं चोरायची रीत होती, म्हणून म्हाताऱ्या काठ्या घेऊन आपापल्या उंबऱ्याची राखण करायला बसल्या. होळीवर चढलेलं लाकूड परत मागता येत नाही.

आमच्या बाबांना आणि दादाला यायला उशीर झाला. आले ते रिकाम्या हातांनी. पहार वाकली होती.

गावात फक्त आमचाच उंबरा दगडाचा होता. आजोबांनी काळा दगड घडवून बसवला होता आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंची भिंत उभी होती. तो काढला असता तर घर खाली आलं असतं. घर बांधलं तेव्हापासून आम्ही त्या दगडाचा अभिमान मिरवला होता. त्या दिवशी बाबा नुसते चुलीशी बसून राहिले. वहिनी झोळीशी जाऊन बसली. ती झोळीला झोका देत राहिली. झोका थांबला की बाळ रडायचं, म्हणून ती थांबत नव्हती.

होळी माळावरच लागली. आणि मग पालखी आली.

ढोल आणि सनईचा आवाज देवळाकडून वर यायला लागला. सगळ्या माळावर गुलाल. पुढच्या दांडीला दादा होता, कारण त्याचा खांदा गावात सगळ्यांत उंच. पालखी पहिल्या उंबऱ्याशी थांबली, बायकांनी ओटी भरली, पालखी नाचली, पुढे सरकली. महिनोन्‌महिने आंबलेली माणसं ती. भांडलेल्या बायका एकमेकींना गुलाल फासत होत्या. ज्यांची कोंबडी चोरीला गेली होती ते, ज्यांनी चोरली असेल असं वाटत होतं त्यांच्या खांद्यावर हात टाकून नाचत होते.

आमची झोपडी शेवटची. वहिनी बाळाला घेऊन उभी होती. तिने पुढच्या मातीवर रांगोळीची एक रेघ ओढली होती. पालखी थांबली. गुरव रेघेकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "सूनबाई, भर ओटी. देवी समजून घेईल."

वहिनी पुरुषमाणसांपुढे कधी बोलत नसे. ती बोलली.

"मी तिला शब्द दिला तो त्या दगडावर दिला. हितं कसा फेडू?"

ढोल थांबला होता, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. बाळाने तेवढ्यात जांभई दिली. कुणीतरी म्हणालं, "खरं हाय तिचं."

आणि पालखी हलली. आमच्याकडे पालखी ओढते म्हणतात. भोई तिला नेत नाहीत, ती भोयांना नेते. ती आधी गरकन फिरली, मग मागे आली, मग उतारावरून थेट गावाच्या वाटेला लागली. "आली, आली! ओढायला लागली!" ढोलवाल्यांनी ढोल उचलले आणि बडवतच धावले. त्यांच्या मागे सगळा माळ. म्हाताऱ्या धावल्या. सुईण धावली. वहिनी बाळाला छातीशी धरून धावली, आणि मी तिच्या पदराला धरून.

चिंचेखालचा शिपाई उठून उभा राहिला. त्याने काठी आडवी धरली.

"थांबा! अरे थांबा, माझी नोकरी जाईल!"

"आमाला काय सांगतोस? तिला सांग!"

पालखी काठीपाशी आली तशी काठी आपोआप उभी झाली. मग तोही आमच्याबरोबर पळायला लागला, आणि पळता पळता ओरडत होता, "मी अडवत व्हतो हां! समद्यांनी बघितलंय, मी अडवत व्हतो!"

गाव आम्हाला ओळखू आलं नाही. वाटेवर गवत सुकून उभं होतं. सगळ्या दारांखाली उंबऱ्याच्या जागी भोकं, दात पडल्यासारखी. पालखी एकाही दारी थांबली नाही. आमच्या अंगणात आली आणि काळ्या दगडापुढे गपकन खाली बसली.

वहिनीने पदराने दगड पुसला. बाळाला त्याच्यावर ठेवलं. ओटी भरली. मग तिथेच बसून ती इतकी रडली की बाळ तिच्याकडे टकामका बघत राहिलं.

"आता नाव!" बायका ओरडल्या. "आते कुठाय? आतेला आणा!"

मी तुळशीवृंदावनामागे होते. मला हाताला धरून ओढत आणलं. पाळणा कुलपाआड, पण कुणाला थांबायचं नव्हतं. मी बाळाच्या कानाशी वाकले. त्याच्या कानात गुलाल गेला होता. मी नाव सांगितलं, शेळीला सांगायची तसंच. रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले, आणि मग सगळ्यांनी विचारलं, "काय? काय ठेवलं?"

ढोलांमुळे कुणालाच ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. "काय? मोठ्यानं गो!" वहिनी माझ्याकडे बघत होती. मग मी मान वर केली आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले. सगळ्या गावाने ते नाव तसंच्या तसं परत माझ्या अंगावर ओरडून टाकलं. डोंगरावरून ते पुन्हा आलं. मला वाटलं, आता हे पोर कुठे जात नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब लालबुंद होऊन आले. त्यांनी आम्हाला पुन्हा माळावर बसवलं, आणि आम्ही मुकाट्याने बसलो. आता माळाचं काही वाटत नव्हतं.

"पालखी गावात कुणी नेली?"

"देवीनं," सगळे म्हणाले. शिपाई सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

साहेबांनी दादाच्या सुजलेल्या खांद्याकडे पाहिलं. जाताना झोपडीशी थांबले. "मग, नाव ठेवलं का?"

दादा तोंड उघडणार तेवढ्यात मी झापांच्या आडून नाव सांगितलं. खणखणीत.

पुढे कधीतरी मी दादाला विचारलं, खरं सांग, पालखी तू ओढलीस ना? तो खांदा चोळत म्हणाला, "पुढच्या दांडीला मी व्हतो. मागच्या दांडीला काय झालं ते मला कसं दिसणार?"

मागच्या दांडीला बाबा होते.