आधी टेप, मग किल्ली

आमच्या गाडीतला टेप मरून दोन-तीन वर्षं झाली होती, पण त्याला तसं कुणी कळवलं नव्हतं. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, आत अडकलेली कॅसेट एकदा कण्हायची आणि मग नुसती खरखर सुरू व्हायची. ती खरखर लावल्याशिवाय मी गाडीला किल्ली मारत नसे.

"देवाला हात जोडत नाही, पण त्या डबड्याला जोडता," बायको म्हणायची.

कारण सांगायचं तर थोरल्या भावाचा विषय काढावा लागला असता, आणि तो विषय आमच्या घरात चार वर्षं बंद होता.

गाडी मूळ दादाचीच. कागदावर माझी, कारण मी शिरूरच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि बँकेला पगारी माणूस आवडतो. पण राहायची ती वडगाव रासाईला, दादाच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली. जीपच्या कुळातली, उंच, माणसं अधिकृत सात आणि खरी अकरा. मी पुस्तकांत गेलो, दादा शेतीत राहिला, तरी त्याचा जीव वायरींमध्ये. ऐन उमेदीत पाबळला राहून वायरिंग शिकून आला होता. गावात कुणाचा स्टार्टर जळला की त्याला बोलावणं यायचं. नदीवरच्या मोटारी चोरीला जायला लागल्या तेव्हा त्यानं निम्म्या गावाला चोर स्विच बसवून दिले. चोर स्विच म्हणजे लपवलेलं बटण. ते दाबल्याशिवाय मोटार उठत नाही, आणि ते कुठं आहे हे मालकाशिवाय कुणाला ठाऊक नसतं. दादानं लपवलेली काही बटणं मालकांनाही सापडत नसत. मग पुन्हा दादाला बोलावणं.

गाडीतला टेप त्यानंच बसवला आणि मला गाडी शिकवली तीही त्यानंच, नदीकडच्या पाणंदीत. पहिला धडा होता, "आधी टेप, मग किल्ली."

"का?"

"भजन लागलं की गाडी नीट चालती."

अंधश्रद्धेवर तीन पुस्तकं वाचलेला मी त्याला हसलो. तोही हसला. पुढं एकदा चौफुल्याजवळ बायकोनं वैतागून चालत्या गाडीतलं भजन बंद केलं, तर गाडी तिथंच बंद पडली. "बघा, कोपला देव," ती म्हणाली. मी तिला योगायोग या विषयावर दहा मिनिटं समजावलं, मग सवयीनं टेप लावला, किल्ली मारली आणि गाडी निघाली. योगायोगच तो, दुसरं काय असणार.

मग सोसायटीची निवडणूक आली. गावची विकास सोसायटी म्हणजे खत आणि पीककर्ज देणारी दोन खोल्यांची संस्था. पण तिच्या निवडणुकीला जेवढे फेटे बांधले जातात तेवढे लग्नाला बांधत नाहीत. दादा एका पॅनेलमधून उभा राहिला. टपावर भोंगा बांधून, कोऱ्या पांढऱ्या कपड्यांत, स्वतःचाच जयजयकार ऐकत तो गाडीतून फिरू लागला. मला ते बघवेना. समोरच्या पॅनेलमध्ये माझा शाळेतला मित्र होता. त्यानं पत्रकाला "जरा भाषा" लावून मागितली. मी लावून दिली. त्यात एक ओळ अशी होती: "भोंगा मोठा, बॅटरी डाऊन." नाव कुणाचंच नव्हतं. गावात ते लागतही नाही. आठवड्याच्या आत सगळं गाव गाडी दिसली की ती ओळ म्हणू लागलं, आणि लेखणी कुणाची हे ओळखणं अवघड नव्हतं. त्या घरात पुस्तकं वाचणारा एकच होता.

दादा पडला. माझ्या ओळीमुळं पडला असं मला वाटत नाही. त्याला तसं वाटतं का, हे विचारायची सोय उरली नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा सालगडी गाडी घेऊन शिरूरला माझ्या दारात आला.

"मालक म्हणलं, ज्याच्या नावावर हाय त्याच्या दारात लाव. आन् सांग म्हणलं, आधी टेप लावायचा, मग किल्ली मारायची."

मला तो टोमणा वाटला. पण दादाकडून माझ्यासाठी आलेलं ते शेवटचं वाक्य होतं. म्हणून मी ते पाळत राहिलो. भजन थांबलं, कॅसेट अडकली, तरी पाळत राहिलो. माणसं याहून कमी कारणासाठी उपास करतात.

यंदा बायकोनं अट घातली. एक तर सेट बदला, नाहीतर ती यापुढं एस.टी.नं जाईल. शिरूरच्या दुकानातल्या मालकानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "सर, हिला सेट नको. हार घाला." शेवटी कुणीतरी दौंडच्या एका मिस्त्रीचं सांगितलं. जुन्या गाड्यांचं काम तो आवडीनं घेतो म्हणे. एका मंगळवारी सकाळी टेप लावून, किल्ली मारून मी दौंडला गेलो.

मिस्त्रीची शेड स्टेशनच्या पलीकडं होती. माणूस पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं टेप ओढून काढला, मागं वाकून बघितलं आणि हातातली पक्कड खाली ठेवली.

"ह्यो उद्योग कुणी केलाय?"

मागून लाल, पिवळ्या, निळ्या जाड वायरी बाहेर आल्या होत्या. शेतातल्या मोटारीची तीन फेजची केबल होती ती. जोडांवर सायकलच्या ट्यूबचे पट्टे आवळलेले होते.

"माझ्या भावानं."

"इलेक्ट्रिशियन हायत?"

"शेतकरी."

"ते दिसतंयच. गाडी न्हाई, इहिरीवरची पेटी उघडल्यावानी वाटतंय." मग त्यानं एक जोड ओढून बघितला, दुसरा ओढून बघितला. "पर काका, एक जोड ढिला न्हाई."

मला उगीचच बरं वाटलं. जसं काही मीच ते पट्टे आवळले होते.

नवा सेट पाटीएवढा निघाला. चालू केला की आधी काळोख, मग प्रकाशाचे झोत, मग गोल फिरत येणारी अक्षरं, मग वाद्यांचा गजर. एखाद्या राज्यमंत्र्याला लाजवील असा हा सोहळा संपला की घड्याळ दिसायचं. मिस्त्रीनं माझा फोन त्याला जोडून घेतला आणि एक गाणं असं लावलं, की दारातली वीस वर्षांची धूळ बाहेर पडली.

"काका, थेटर!"

"मला बातम्या ऐकायच्यात."

"मग बातम्या थेटरात ऐका. मागचा कॅमेरा टाकू का? रिव्हर्स घेताना पडद्यावर दिसंल."

"नको. मला मागचं काही बघायचं नाही."

मग त्यानं किल्ली मारली. सेल जोरात फिरला, इंजिन काही पकडेना. पुन्हा मारली. पुन्हा तेच. त्यानं बॅटरीचं टर्मिनल काढून घासलं, फिल्टर उघडला, पाइप फुंकला. दोन तास गेले. पलीकडं मालगाडीच्या डब्यांची जोडाजोड चालली होती, तीही संपली.

"सेल झ्याक घेतीय. डिझेलच उचलंना," घाम पुसत तो म्हणाला. "ह्यात कायतरी चोरी हाय, काका. तुमच्या भावाला फोन लावा."

"तो शेतात असेल."

"शेतात फोन लागत न्हाई व्हय?"

"आमचं बोलणं नाही."

"कवापास्नं?"

"चार वर्षं."

मिस्त्रीनं पक्कड डब्यात टाकली. "मग गाडी बी ऱ्हाऊ द्या चार वर्सं. मला जागा हाय."

फोनमध्ये 'दादा' तसाच होता. चार वर्षांत मी त्याच्यासाठी पहिली वाक्यं कितीतरी तयार केली होती. काही दिलगिरीची होती, काही निम्म्या दिलगिरीची, आणि एक तर इतकं सुंदर होतं की ते मी वहीत उतरवून ठेवलं होतं. पलीकडून "हां" आलं तेव्हा तोंडातून निघालं ते असं: "दादा, गाडी दौंडात बंद पडलीय."

मागं पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता.

"टेप लावला व्हता का?"

"टेप काढला. नवीन सेट बसवतोय."

"काढला," तो स्वतःशीच म्हणाला. मग, "मिस्त्रीला दे फोन."

मिस्त्रीनं फोन स्पीकरवर टाकला आणि दोन डॉक्टरांनी रोग्याबद्दल बोलावं तसं त्यांचं सुरू झालं. रोगी आणि नातेवाईक दोघंही बाजूला उभे.

"निळी वायर कुठं टाकली?"

"ती अँटेनाची ना? म्हणून वर बांधली. ह्या गाडीला मोटारीवर वर-खाली व्हणारा अँटेना कुठाय?"

"अँटेना न्हाईच. ती सीटखालच्या रिलेला गेलीय. टेप चालू झाला की तिच्यात करंट येतो, तवा त्यो रिले डिझेलचा वॉल्व उघडतो."

मिस्त्रीनं चष्मा वर सरकवून आधी सीटकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. "चोर स्विच! टेपात?"

"कुठला चोर आधी गाणं लावून मग गाडी चोरंल?"

मिस्त्री इतका हसला की खोकला आला. "आवं, पर ह्यांला बी म्हाईत न्हाई? घरच्या माणसाला तरी सांगायचं."

"त्याला सांगितलं असतं तर त्यानं पत्रक छापलं असतं."

मिस्त्री पुन्हा हसला. त्याला ते साधं वाटलं. मी गाडीच्या दाराला धरून उभा होतो. चार वर्षं ज्याची वाट बघत होतो ते बोलणं एवढंच निघालं, आणि ते बरोबर होतं.

दादा सांगत गेला, मिस्त्री करत गेला. नव्या सेटलाही तशीच एक वायर होती, तिला निळी जोडली. सेटची लाईन थेट बॅटरीवरून घेतली. टर्मिनल लावल्यावर पडद्यावरचा सोहळा नव्यानं सुरू झाला. मिस्त्रीनं मला आत बसवून किल्ली मारायला सांगितली, फोन डॅशबोर्डवर ठेवला आणि तो बॉनेटकडं गेला. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. त्याच वेळी सेटला फोन ओळखू आला आणि दादाचा आवाज चारी स्पीकरमधून बाहेर पडला.

"लागली का? मिस्त्री, ह्यो नवा सेट उठायला येळ घेतो. तवर किल्ली मारू नको म्हणावं त्याला. घाई करतो त्यो. आन् मागचा कॅमेरा टाका. नको म्हणंल, ऐकू नका. मान वळत न्हाई त्याची."

मानेचं दुखणं मला गेल्या वर्षी लागलं. वडगावात मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मीच ऐकतोय, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझ्या डाव्या बाजूनं, उजव्या बाजूनं, मागच्या रिकाम्या सीटवरून दादा बोलत होता, आणि मला ते संपायला नको होतं. डाव्या खांबातून पावसाचं पाणी आत येतं, तिथनं वायर नेऊ नका. मागचे स्पीकर वर लावा, खाली चिखल उडतो. मग तो थांबला.

"मिस्त्री?"

"मी आहे, दादा."



"कवापास्नं?"

"मानेपासून."

"मग बोलायचं न्हाई व्हय?"

"तुझं चाललं होतं."

"लाईट जाईल आता, तेवढं वाफं भिजवायचंत," तो म्हणाला आणि फोन ठेवला. पत्रकाबद्दल जे बोलायचं होतं ते वहीतच राहिलं. मी मिस्त्रीला कॅमेरा बसवायला सांगितला. का, असं त्यानं विचारलं नाही.

याला दोन महिने होत आले. तेव्हापासून आमच्या सेटमध्ये दर आठवड्याला काहीतरी बिघडतं. पहिल्यांदा रेडिओला बारीक शिट्टी यायला लागली. मग पडदा उन्हात दिसेना. मग इंजिन वाढवलं की आवाज घरघरायचा. प्रत्येक वेळी मी दादाला फोन करतो आणि तो शांतपणे उपाय सांगतो. अर्थिंग बघ, फ्यूज बघ, तिसरी वायर काढून परत लाव. आम्ही दोघं अर्थिंगवर जेवढं बोललो तेवढं आईच्या आजारपणातही बोललो नव्हतो. तो घरचं विचारत नाही, मीही विचारत नाही. बिघाडांपैकी एकही खरा नव्हता. सेट उत्तम आहे. बायको त्यावर बातम्यांखेरीज सगळं ऐकते.

काल, नेहमीच्या शुक्रवारी, मी फोन केला नाही. दर वेळी काय खोटं बोलायचं म्हणून. संध्याकाळी त्याचाच आला.

"ह्या आठवड्यात काय बिघडलं न्हाई व्हय?"

माझी तयारी नव्हती. "मागचा उजवा स्पीकर," मी म्हणालो. "फाटल्यासारखा वाजतो."

मला वाटलं, आता पकडणार.

"असलं फोनवर कळत न्हाई," तो म्हणाला. "रविवारी घिऊन ये. बघू."

आज शनिवार. सकाळपासून मी गाडीत बसलो आहे. मागचा उजवा स्पीकर स्वच्छ, खणखणीत वाजतो. उद्या दादा नुसता कान लावेल आणि त्याला कळेल. स्क्रू ड्रायव्हर हातात आहे, जाळी काढून ठेवली आहे. पण धडधाकट स्पीकर पटेल असा बिघडवायचा कसा हे मला माहीत नाही, आणि ज्याला विचारावं असा एकच माणूस मला ठाऊक आहे.