बेसबॉलच्या वतीने ओगावा-सान

काही माणसं रोज डोळ्यांसमोर असतात तेव्हा त्यांचे किस्से साठताहेत हे आपल्या लक्षातही येत नाही. आपण हसतो आणि पुन्हा कामाला लागतो. मग कधीतरी घरी चार मंडळी जमतात, कोणीतरी म्हणतं, "ते तुझे बेसबॉलवाले साहेब काय करायचे, सांग ना," आणि एक सांगून होईतो मागून दुसरा येतोच. माझं ओगावा-सानांच्या बाबतीत असं झालंय. ते आता नाहीत. पण नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली काम केलं, आणि जपान मला जो काही आपलासा वाटला तो बराचसा त्यांच्यामुळे.

*

नवऱ्याला टोकियोत नोकरी मिळाली आणि आम्ही इचिकावात राहायला गेलो. पुण्यात मी जपानी शिकले होते, त्यामुळे घरात बसवेना. जवळच्या एका बेसबॉल क्लबला परदेशी खेळाडूंच्या मदतीला इंग्रजी येणारं माणूस अर्धवेळ हवं होतं. त्यांच्या घराचं बघायचं, दवाखान्यात सोबत जायचं, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते समजावायचं, असली कामं.

मुलाखत घ्यायला ओगावा-सान होते. पन्नाशीचे, ठेंगणे, केस बारीक कापलेले. मी आधीच सांगून टाकलं की आमच्याकडे क्रिकेट. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. नोकरी हातची गेली असं धरून मी पर्स उचलली.

"फार बरं झालं," ते म्हणाले. "इथे प्रत्येकाला सगळं कळतं. प्रश्न विचारणारं कोणी उरलेलंच नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पहिला प्रश्न विचारला. त्याचं उत्तर ऑफिस सुटलं तरी चालू होतं.

*

ते स्वतः क्लबात कसे आले, ती गोष्ट त्यांच्या बायकोने मला सांगितली. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी पहिला सामना पाहिला आणि तेव्हापासून हीच टीम. मोठेपणी बँकेत चांगली नोकरी होती, पण प्रत्येक रविवारी हे स्टँडमध्ये ढोल बडवायला हजर. सामना संपला की क्लबच्या मॅनेजरला गाठून तक्रारी करायचे. बायकांच्या टॉयलेटपुढे रांग फार लागते, म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवत नाहीत, लहान मुलांना कठड्यावरून दिसत नाही.

शेवटी मॅनेजर वैतागून म्हणाले की एवढं कळतंय तर तुम्हीच येऊन करा. सोमवारी ओगावा-सानांनी बँकेत राजीनामा दिला.

घरी जेवताना त्यांनी ही बातमी दिली. बायकोने विचारलं, मग आता रविवारी घरी असणार का? ते म्हणाले, नाही.

"मग काही बदललं नाही," असं म्हणून तिने त्यांना भात वाढला.

*

बदललं मात्र एक. क्लबच्या माणसाने सामन्यात आरडाओरडा करायचा नाही, असा तिथे नियम होता. ज्या माणसाचा अर्धा जन्म ढोल वाजवण्यात गेला, तो आता सूट घालून खांबाआड उभा राहून सामना बघायचा. चेहरा अगदी शांत. हात पँटच्या खिशात, मुठी आवळलेल्या.

ओगावा-काकू म्हणायच्या, "सामना कसा झाला ते मला पेपरात बघावं लागत नाही. खिसे बघितले की कळतं."

प्रत्येक हंगामात त्या खिशांना आतून नवं अस्तर लावायच्या. आमच्या मुलीच्या बालवाडीने घरी शिवलेल्या पिशव्या मागितल्या, डब्याची वेगळी, बुटांची वेगळी. मला बटणापलीकडे शिवता येत नाही. मी ऑफिसात हे सहज बोलले, तर दोन दिवसांनी काकूंनी शिवलेल्या पिशव्या माझ्या टेबलावर होत्या. खिशाच्याच अस्तराच्या कापडाच्या. वर्गात सगळ्यात मजबूत पिशव्या माझ्या मुलीच्या होत्या!

*

एका वर्षी कॅरिबियन बेटावरचा एक पिचर आला. पिचर म्हणजे यांचा बोलर. सहा फुटांच्या वर उंची, पण चेहरा घरापासून तुटलेल्या माणसाचा. मासे कच्चे म्हणून खाईना, सूप गोड लागतं म्हणून पिईना. वजन उतरायला लागलं तसे ओगावा-सानही जेवेनासे झाले.

मी त्याला विचारलं, तुझी आई काय करते? तो म्हणाला, भात आणि लाल बिया. मी घरी जाऊन जपानी लाल घेवडा भिजत घातला आणि दुसऱ्या दिवशी डब्यात राजमा-भात नेला. त्याने पहिला घास घेतला आणि मान खाली घातली ती डबा संपेपर्यंत वर केली नाही. त्या दिवशी तो असा खेळला की पुढच्या दिवशी ओगावा-सान माझ्या टेबलापुढे कमरेत वाकून उभे. तो खेळेल त्या प्रत्येक दिवशी डबा मिळेल का?

आता गंमत अशी की उद्या कोण पिचिंग करणार हे टीम गुप्त ठेवायची. पत्रकारांना पत्ता लागू द्यायचे नाहीत. पण घेवडा आदल्या संध्याकाळी भिजवावा लागतो! त्यामुळे ओगावा-सान फोन करायचे आणि इकडेतिकडे कोणी नाही ना याची खात्री करून हळूच म्हणायचे, "आज भिजवा."

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण त्या टीमचा भक्त होता, आणि डब्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. तो रोज सकाळी माझ्या नवऱ्याला विचारायचा की काल वहिनींनी काय भिजवलं. आमचे हे रोज सांगायचे, "मूग."

*

माझे सासरे साताऱ्याहून आले होते तेव्हा ओगावा-सान त्यांना हौसेने सामन्याला घेऊन गेले. मी मध्ये बसले होते, पण माझी फारशी गरज पडली नाही. ओगावा-सान जपानीत समजावत होते, सासरे मराठीत शंका काढत होते, दोघांचं झकास चाललं होतं.

इतक्यात एक फटका उंच उडून थेट आमच्या रांगेकडे आला. सासरे तरुणपणी स्लिपमध्ये उभे राहायचे. त्यांनी उठून दोन्ही हातांत तो झेलला आणि बॅट्समनकडे बोट दाखवून म्हणाले, "आउट." आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बॅट्समन मात्र तिथेच.

प्रेक्षकाने झेल घेतला तर धरत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले की ते ठीक, पण हातावर हा वळ उठलाय त्याचं काय? हा अन्याय आहे, विचार त्यांना. मी घाबरत घाबरत भाषांतर केलं.

ओगावा-सान उठले, सासऱ्यांपुढे वाकले आणि म्हणाले, "बेसबॉलच्या वतीने मी माफी मागतो."

सासऱ्यांनी माफ केलं. साताऱ्यात पुढे ते सगळ्यांना सांगायचे की जपानी लोकांना खेळ येत नाही, पण माणूस कसा असावा ते येतं.

*

हंगाम संपला की ज्या खेळाडूंना पुढच्या वर्षी ठेवायचं नसे, त्यांना तसं सांगायचं काम ओगावा-सानांकडे होतं. कोवळी पोरं, बेसबॉलशिवाय दुसरं काही न शिकलेली. हे काम त्यांनी कधी दुसऱ्यावर टाकलं नाही. सांगून झालं की त्या मुलासाठी नोकरी शोधत हिंडायचे. कोणी ट्रक चालवायला लागला, कोणी नूडल्सचं दुकान काढलं.

नव्वदचं दशक सरत आलं तसं क्लबच्या मालक कंपनीचं आर्थिक गणित बिघडलं. मुख्य ऑफिसातून कोंदो-सान नावाचा एक तरुण मॅनेजर आमच्याकडे आला. एका दुपारी त्याने ओगावा-सानांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. मी चहा घेऊन गेले.

कोंदो-सान हवेबद्दल बोलत होता. मग पुढच्या वर्षीच्या नव्या युनिफॉर्मबद्दल बोलला. मग परत हवेबद्दल. कपाळावर घाम. मला काय ते कळलं आणि मी ट्रे घेऊन दाराकडे वळले, पण ओगावा-सानांनी हातानेच थांबा म्हटलं.

"कोंदो-सान, हे असं नाही सांगायचं," ते शांतपणे म्हणाले. "समोरच्याला आधी बसवायचं. मी बसलोय. मग पहिल्याच वाक्यात सांगायचं. हवेबद्दल बोलत राहिलं तर त्याला वाटतं, अजून काही होऊ शकेल. आणि टेबलाकडे नाही, त्याच्याकडे बघून सांगायचं."

कोंदो-सानचे डोळे भरले होते.

"पुढे हे तुम्हालाच करायचंय," ओगावा-सान म्हणाले. "चला, सांगा."

कोंदो-सानने मान वर केली. त्यांच्याकडे बघून, एकाच वाक्यात, पुढच्या वर्षीपासून क्लबला त्यांची गरज नसल्याचं सांगितलं.

ओगावा-सान उठले. कोट खाली ओढून नीट केला आणि कमरेतून पूर्ण वाकले.

"इतकी वर्षं मला खेळू दिलंत," ते म्हणाले. "मनापासून आभार."